पुदिन्याखालचा रुपया

एक ठिपका. मोहरीएवढाही नाही.

अकरा जणांची माळ, आणि त्यांतले दहा कुठे गेले त्याची अर्धवट आठवण.

वाशिंदच्या कंपनीचे ओळखपत्र, निळ्या पट्टीसकट खुंटीला टांगलेले. त्यावरची तारीख उलटून गेलेली.

न्हाणीच्या दगडावरून ओघळत येणारे कोमट पाणी. त्याला हळदीचा वास.

"पुदिना चालतो गो. त्याच्या भरवशावर काय ठेवू नये."

कुदळ. पुन्हा कुदळ.

एक हात. डावा.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांना कसे लागतात ते मला तुम्हाला सांगायचे आहे. सांगणारा मी जमिनीत वीतभर खाली आहे, त्यामुळे माझा आवाज थोडा मातकट येईल. मी चांदीचा रुपया आहे. साल एकोणीसशे अठरा. माझ्या डोक्यावर एक कडी आहे आणि त्या कडीतून सध्या पुदिन्याचे एक मूळ गेलेले आहे.

*

माझा जन्म मुंबईच्या टांकसाळीत झाला. टांकसाळ म्हणजे नाणी पाडायचा कारखाना. तिथे चांदी वितळवली, तिच्या लगडी ओतल्या, लगडींच्या पट्ट्या लाटल्या आणि लाटलेल्या कणकेतून पुऱ्या कापाव्यात तशा त्या पट्ट्यांतून आम्हा चकत्यांना कापले. मग एका ठशावर ठेवून वरून दुसरा ठसा हाणला. बारसे व्हायला एवढा एकच घाव पुरला. एका अंगावर राजाचे तोंड उमटले, दुसऱ्या अंगावर वेलबुट्टी, किंमत आणि साल. तिथेच खाली, कमळाच्या फुलाजवळ, एक बारीक ठिपका.

त्या ठिपक्याचा अर्थ आधीच सांगून टाकतो. मुंबईत पाडलेल्या रुपयाला ठिपका असायचा, कलकत्त्यात पाडलेल्याला नसायचा. बस, एवढेच. त्या वर्षी माझ्यासारखे ठिपकेवाले लाखोंनी निघाले. आमच्यात कुणीही दुर्मीळ नव्हता. हे लक्षात ठेवा. या घरात पुढे जे झाले, ते हे ठाऊक नसल्यामुळे झाले, आणि मला तोंड असूनही ते सांगता येत नव्हते. माझ्यावरचे तोंड राजाचे आहे, ते कधी उघडत नाही.

मी डोंगरात आलो तो तानसाच्या नळाच्या कामावरून. एक ठाकर गडी तिथे दगड वाहायचा. त्याच्या मजुरीत मी त्याच्या मुठीत पडलो. मी मुंबईहून डोंगरात आलो आणि तानसाचे पाणी डोंगरातून मुंबईला गेले. वाटेत कुठेतरी आमची गाठ पडली असणार.

तो गडी आम्हाला खर्च करीत नसे. अकरा रुपये साठले तसे त्याने शहापूरच्या सोनाराकडून प्रत्येकाच्या डोक्याला कडी डागून घेतली आणि काळ्या दोऱ्यात ओवून बायकोच्या गळ्यात घातले. त्या दिवशी मी नाणे होतो तो दागिना झालो. मला ते आवडले. टांकसाळीत आम्ही एकमेकांवर नुसते पडलेले असायचो. इथे तिने मान हलवली की आम्ही बोलायचो.

*

दहा जण कुठे गेले, ते आठवते तेवढे:

एक भातलावणीच्या चिखलात.

एक म्हसा गावच्या जत्रेत. दोरा तुटला, नऊ सापडले.

दोन वितळले, त्यांची एका मुलाची साखळी झाली. तो मुलगा मोठा झाला, साखळी पुढे दिसली नाही.

एक सोनाराने "कडी नीट करून देतो" म्हणून ठेवून घेतला. तो अजून नीटच होतो आहे.

एक म्हातारीच्या बरोबर जळला, म्हणजे जळला नाही, राखेत काळा होऊन पडला. तो उचलायचा नाही अशी रीत होती.

बाकीचे चार मला आठवत नाहीत. मी झिजलो आहे. राजाची दाढी गेली, साल चाचपून वाचावे लागते. ठिपका मात्र खोलगट जागेत होता म्हणून राहिला. नको तेच टिकते.

*

या घरात एक रीत होती. बाळ जन्मले की पाचव्या दिवशी त्याला घमेल्यात घालून न्हाऊ घालायचे आणि त्या पाण्यात गळ्यातला रुपया सोडायचा. बाळ न्हाऊन निघाले की रुपया पुन्हा गळ्यात. मी अशी चौदा बाळे पाहिली. पाण्याच्या तळाशी पडून वर बघायचे. इवल्या टाचा माझ्यावर टेकायच्या. त्या चौदांत मंगळू होता, आणि मंगळूचा मुलगा भगीरथही होता.

पंधरावे एक होते, मंगळूचा धाकटा भाऊ. तेव्हा आमची सगळी माळ कड्यांच्या दुरुस्तीला सोनाराच्या दुकानात अडकली होती. ते पोर वर्षाचे होऊन तापाने गेले. मी तुम्हाला खरे सांगतो, माझ्यात तसले काही नाही. मी चांदी आहे. ताप उतरवणे मला येत नाही. पण जिच्या घरातले पोर जाते तिला हे कोण समजावणार? त्या पोराची गोष्ट सासूने सुनेला सांगितली, आणि त्या सुनेचे नाव ठकी.

ठकी मंगळूची बायको. तिचे माहेर मुरबाडकडच्या एका पाड्यात. लग्न होऊन आली तेव्हा तिने ओल्या फडक्यात गुंडाळून पुदिन्याची एक काडी आणली होती. न्हाणीमागे, जिथे आंघोळीचे पाणी दगडाखालून बाहेर येते, तिथे तिने ती खोचली. काडी लागली, पसरली. ठकीने ती तोडली, पुन्हा लावली, पुन्हा तोडली. काडीचा वाफा झाला, वाफ्याचे चार वाफे झाले. चाळीस वर्षे ती सापगावच्या नाक्यावर ओल्या गोणपाटावर जुड्या मांडून बसली. हायवेवरचे ढाबेवाले आणि पाणीपुरीवाले तिच्याकडूनच पुदिना नेत. आणि तो सगळा पुदिना ती एकच काडी होती.

मला याचे फार नवल वाटायचे. टांकसाळीत आम्ही लाखो निघालो, सगळे सारखे, आणि त्या दिवसापासून प्रत्येक जण नुसता झिजत गेला. पुदिना रोज तोडला जायचा आणि रोज वाढायचा.

मंगळू गेला तेव्हा ठकीच्या गळ्यात मी एकटा उरलो होतो. बायका म्हणाल्या, आता काय गळ्यात घालतेस. ठकी म्हणाली, "नवऱ्याचा नाय हा. घरातल्या पोरांचा हाय." 

*

आता मोबाईल.

भगीरथ वाशिंदच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. सहा वर्षे रोज पहाटे निघायचा. मागच्या पावसाळ्यात कंत्राट संपले आणि ओळखपत्र खुंटीवर आले. त्याची बायको काजल तेव्हा नुकतीच गरोदर होती. काजलला आई नाही, त्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी नव्हे, इथेच व्हायचे होते. भगीरथला शहापूर-मुरबाड फिरवायला एक जुनी सहा सीटर घ्यायची होती. ती घेण्याइतके हातात काही नव्हते. हातात मोबाईल होता.

ठकी ओटीवर जुड्या बांधत बसली होती. भगीरथ समोर येऊन उकिडवा बसला.

"आये, जरा मान वर कर."

"कशाला? केस पिकलं ते खालून बघायचंत काय तुला?"

"रुपया बघायचाय." त्याने मला चिमटीत धरून उजेडाकडे फिरवले. बोटावर थुंकी घेऊन पुसले. "हाय. आये, ठिपका हाय याला. हा बघ, मोबाईलमधी असाच दाखवलाय. ठिपक्याचा रुपया, नऊ लाख."

"कोण देतो?"

"दिल्लीचा माणूस हाय. ती लोकं जमवतात जुनी नाणी."

काजल आतून तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "रुपयाचं नऊ लाख देतो तो माणूस रुपयांवर जगतो का येड्यांवर?"

"तू गप गो. तुला काय म्हाईत."

"मला येवढं म्हाईत हाय, काल तुमी त्यालाच नोंदणीचं म्हणून काय तरी धाडलंत. अजून त्यानं तुमचा फोन उचलला नाय."

भगीरथ ओशाळला. पण त्याने मला सोडले नाही. "आये, तो बोलतो कडी काढून टाका आन् घासून चकचकीत करून फोटो पाठवा. कानस हाय माझ्याकडं."

ठकीने त्याचा हात बाजूला केला आणि मला लुगड्याच्या आत ढकलले. "तुझ्या पोराच्या पाण्यात पडंपर्यंत हा माझ्या गळ्यातनं उतरायचा नाय. मग तुझा दिल्लीवाला येऊ दे, नायतर राजा येऊ दे. त्याचंच तोंड हाय वर, तो तरी ओळखेल."

काजल हसली. भगीरथही थोडा हसला. तिथे संपायला हवे होते.

दोन दिवसांनी दुपारी ठकीचा डोळा लागला होता. भगीरथने कात्रीने काळा दोरा कापला. मी त्याच्या तळव्यात पडलो तेव्हा तळवा घामाने ओला होता. ठकीने डोळे उघडले. ती ओरडली नाही. तिने फक्त आपला हात त्याच्या हाताखाली धरला, भीक मागावी तसा, आणि वाट पाहिली. भगीरथने मला तिच्या हातात ठेवले.

"मी परत आणून देणार होतो, आये."

"कडी तोडून? मग दोरा कशात घालू? तुझ्या नाकात?"

ठकीने तुटका दोरा टाकून दिला आणि मला पदराच्या गाठीत बांधले.

*

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळी ठकी आंघोळीला म्हणून गेली आणि न्हाणीच्या मागच्या अंगाने वाफ्यात आली. पहिल्या वाफ्याच्या मधोमध थोरला गड्डा होता, माहेरच्या काडीचा सगळ्यात जुना जुडगा, बुडाशी लाकूड झालेला. त्याच्या मुळाशी तिने खुरप्याने वीतभर उकरले.

"गप पड," ती मला म्हणाली. "चार महिनं. मग पाण्यात जायचंय तुला."

तिने माती लोटली आणि वर थोरल्या गड्ड्याच्या फांद्या नीट पसरून ठेवल्या. खूण म्हणून तिने तो गड्डाच धरला.

मित्रांनो, तुम्ही असता तर न्हाणीच्या दगडापासून पावले मोजली असती. कुंपणाच्या खांबाची खूण धरली असती. जी गोष्ट हलत नाही तिची. पण ठकीच्या सगळ्या आयुष्यात थोरला गड्डा हीच न हलणारी गोष्ट होती. दगड कुणीही उचलतो, खांब कुजतो. गड्ड्याला तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. आणि पुदिना चालतो, म्हणजे मुळांनी जागा सोडून सरकत जातो, त्याच्या भरवशावर काही ठेवू नये, तीन वर्षे झाली की जुने बूड काढून नव्या काड्या पुढच्या जागी लावाव्यात, हे सगळे सुनेला शिकवणारी तीच होती. जे आपण दुसऱ्याला शिकवतो ते आपल्याला लागू नाही असे माणसांना वाटते की काय, ते मला कळलेले नाही.

भगीरथने विचारले, "रुपया कुठं हाय?"

"देवाला दिला."

"कुठल्या देवाला?"

"तुझ्या मोबाईलला इचार. त्याला सगळं म्हाईत असतं."

भगीरथने भाताची कणगी उपसली, पत्र्याची पेटी पाहिली, देवाच्या टोपलीखाली हात घातला. वाफ्याकडे तो आला नाही.

खाली अंधार होता, पण तो टांकसाळीच्या कोठीतल्या अंधारासारखा नव्हता. तो ओला आणि हिरव्या वासाचा होता. वरून ठकीची पावले कळायची, हलकी आणि भराभर. काजलची पावले दर आठवड्याला थोडी जड होत होती. एक पांढरे मूळ माझ्या कडेला लागले, कडीपाशी घुटमळले आणि एके दिवशी आरपार गेले. शंभर वर्षे माझ्या कडीत काळा दोरा होता. आता मूळ होते. मला पुन्हा कुणीतरी गळ्यात घातल्यासारखे वाटले.

*

पौषात म्हशाची जत्रा भरली. ठकी शेजारच्या भिमीबरोबर जत्रेला गेली आणि तिथून तीन दिवस भावाकडे राहिली. जाताना कंबर धरून चालत होती. काजलने ते पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी काजल वाफ्यात बसली. सातवा महिना होता. खाली मला तिचा आणि भगीरथचा आवाज ऐकू येत होता.

"पोटुशी बाई तू. कशाला ही उचापत?"

"आये येईल तवा बघतच राहील. थोरल्या गड्ड्याचं लाकूड झालंय, पानच धरत नाय. तीन वर्सं झाली की काढायचा, आयेच सांगते."

"मग आयेलाच काढू दे."

"तिला आता वाकवत नाय. तुमाला दिसत नाय ते. तुमी पाणी तरी आणा दोन हंडे, तेवढाच मोबाईलला आराम."

तिने दोन्ही हातांनी गड्डा धरला आणि ओढला. मुळे तुटल्याचे आवाज झाले, एक सोडून. माझ्या कडीतले मूळ तुटले नाही. मातीच्या गोळ्यासकट मी वर आलो आणि गोळ्यासकट फेकला गेलो, न्हाणीच्या मोरीच्या तोंडाशी, दगडाखालच्या पोकळीत. तिथे ओल होती, आणि मोरीतून येणाऱ्या गाळाने मला हळूहळू वीतभर झाकले. काजलने नव्या काड्या दुसऱ्या अंगाला ओळीने लावल्या, वाफ्यांच्या कडा नव्या बांधल्या आणि जुनी जागा थापून सपाट केली. इतके नीट काम मी टांकसाळीतही पाहिले नव्हते.

ठकी आली. वाफ्याशी उभी राहिली.

"कुणी केलं हे?"

"मी, आये. कसं झालंय?"

ठकीची पावले सपाट केलेल्या जागेपर्यंत गेली आणि तिथून परत आली. मग ठकी म्हणाली, "चांगलं झालंय. हात बसला तुझा."

तेव्हा तिने विचारले असते, गड्डा कुठे टाकलास, तर काजलने बोट दाखवले असते आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. पण सांगितले तर पोरीच्या मनाला लागेल, आणि भगीरथच्या कानावर जाईल. दोन्ही ठकीला नको होते. आणि रुपया जिथे पुरला तिथेच असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. गड्डा गेला, माती तर तिथेच आहे.

ती रोज सकाळी सगळे उठायच्या आत खुरपे घेऊन येऊ लागली. सपाट झालेल्या जागेत अंदाजाने उकरायची. इथे नाही, मग हातभर तिकडे. नव्या काड्यांना धक्का लागू नये म्हणून माती परत लोटायची, थापायची. मी तिच्यापासून सहा पावलांवर मोरीच्या दगडाखाली होतो. खुरप्याचा आवाज ऐकत होतो.

चौथ्या सकाळी तो आवाज मधेच थांबला. तांब्या कलंडला. मग खूप वेळाने काजलची जड पावले धावत आली.

*

शेजाऱ्याच्या टेम्पोतून ठकीला शहापूरला नेले. अकराव्या दिवशी आणले तेव्हा तिचे उजवे अंग गेलेले होते आणि वाचाही. तिला ओटीवर खाटेवर ठेवले. तिथून न्हाणी दिसायची, वाफे दिसायचे. डावा हात चालत होता. तो ती उचलायची आणि वाफ्यांकडे दाखवायची. दिवसातून कितीदा तरी.

"पुदिना मागते ती," भिमी म्हणाली. "जन्म गेला बाईचा त्या वासात. दे आणून."

काजलने ताजी पाने आणून तिच्या नाकाशी धरली. ठकीने हाताने ती उडवली. काजलने चटणी वाटून बोटाने जिभेवर लावली. ठकीच्या डोळ्यांतून पाणी आले. भिमी म्हणाली, तिखट झाली असेल.

भगीरथ खांबाला टेकून पाहत होता. तो खाटेजवळ येऊन बसला.

"आये. रुपया हाय ना तिथं?"

ठकीने डोळे मिटले आणि उघडले.

"आता विकायला नाय मागत. त्या दिल्लीवाल्याचा नंबरबी बंद झालाय. पोरासाठी काढतो. पोराच्या पाण्यात घालू, तू बोलशील तसं."

तो खरे बोलत होता की नाही, मला माहीत नाही. त्यालाही नक्की माहीत नसावे. ठकीने पुन्हा हात उचलला आणि दाखवले. जुन्या जागेकडे, जिथे मी नव्हतो.

भगीरथने खुरपे घेतले नाही. कुदळ घेतली.

पहिल्या दिवशी जुनी जागा कमरेइतकी खणली. नाही मिळाले. दुसऱ्या दिवशी पहिला वाफा सगळा. मग दुसरा.

"हळू," काजल म्हणाली. "मुळं तरी ठेवा. रुजायला आलंय सगळं."

"मुळं काय, परत लावू."

"कशातनं लावणार? आयेची काडी हाय ती."

"रुपयाबी आयेचाच हाय." तो थांबला नाही.

चारही वाफे उलथेपालथे झाले. मुळे बांधावर उन्हात पडली आणि दुपारपर्यंत दोऱ्यासारखी वाळली. उपटलेल्या पुदिन्याचा वास लावलेल्या पुदिन्यापेक्षा मोठा असतो. सगळ्या पाड्यात तो पसरला. लोक येऊन विचारू लागले, आज काय आहे तुमच्याकडे? ठकी खाटेवरून बघत होती. तिचा हात अजून वरच होता. आता तो दाखवत होता की थांब म्हणत होता, हे कुणी पाहिले नाही.

संध्याकाळी भगीरथ घाम पुसायला मोरीच्या तोंडाशी आला. एक पाय त्याने दगडावर ठेवला. तो दगड माझ्या डोक्यावर होता.

"काय नाय इथं," तो म्हणाला. "आयेला भास होतोय."

*

फाल्गुनात काजलला मुलगी झाली. पाचव्या दिवशी घरी घमेले मांडले. न्हाऊ घालायला भिमी बसली. दगडाखाली मला सगळे ऐकू येत होते. न्हाणी माझ्या डोक्यावरच आहे.

"रुपया?" भिमीने विचारले.

 मग भगीरथने खिशातून काहीतरी काढून पाण्यात टाकले. आवाजावरून ओळखले. नवे नाणे होते. पातळ, हलके, पोलादाचे. कदाचित तेही मुंबईच्याच टांकसाळीतले असेल. त्याचा काही दोष नाही. पण त्याच्या डोक्याला कडी नव्हती आणि त्याला या घरातले कुणी माहीत नव्हते.

"चालंल काय हे?" काजलचा आवाज.

"न चालायला काय झालं?" भिमी म्हणाली. "रुपया तो रुपया. पोर बघा कशी हाय, मुठी आवळूनच आलीय. काय लपवलंस गो, दाखव आजीला."

ओटीवर खाट करकरली. ठकीने तोंड भिंतीकडे केले होते. भिमीने हाक मारली, काजलने मारली. ती वळली नाही.

मग भिमीने तांब्याने पाणी घातले. बाळ रडले. पाणी बाळाच्या अंगावरून घमेल्यात, घमेले कलते केले तसे दगडावर, दगडावरून मोरीत, आणि मोरीच्या तोंडातून खाली आले. कोमट होते. हळदीचा वास होता. ते मातीत झिरपले आणि माझ्यापर्यंत पोहोचले. माझ्या दोन्ही अंगांवरून गेले. कडीतून गेले.

सोळावे बाळ. हे मी कुणाला सांगू शकलो नाही. एकाच माणसाला सांगायचे होते, आणि ते माणूस वीस पावलांवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

ठकीने त्यानंतर डावा हात उचलला नाही. होळी झाली आणि ती गेली.

*

वाफे अजून तसेच आहेत, खड्ड्यांचे. पण पुदिना टाकला तरी जगतो. मोरीच्या तोंडाशी थोरल्या गड्ड्याला चार नवे शेंडे फुटले आहेत. काजलने ते पाहिले. मुलीला काखेत घेऊन ती वाकली आणि तिने दोन काड्या वरच्या वर खुडल्या, ओल्या फडक्यात ठेवल्या. मुळाला हात लावला नाही. ती आता कुठल्याच मुळाला हात लावत नाही.

म्हणून मी इथेच राहणार. मला त्याचे फारसे दुःख नाही. माझी चांदी कुजत नाही आणि मला घाई नाही. तरीही तुम्हाला एक मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरात एखादे म्हातारे माणूस असेल, तर त्याने काय कुठे ठेवले आहे ते त्याच्याजवळ बसून विचारा, त्याला बोलता येते तोवर. आणि बोलता येईनासे झाले आणि नुसता हात उरला, तर तो हात दाखवतो तिकडे जा. पण कुदळ घेऊन जाऊ नका.

जुना गड्डा मोरीकडे फेकण्याआधी माती झडावी म्हणून काजलने तो न्हाणीच्या दगडावर दोनदा आपटला होता. दोन्ही वेळा मी खणकन वाजलो होतो.